व्हल्कनकडे वळताना : काय करावे, काय टाळावे

गोदो हे लोकांनी मिळून वाढवलेले गेम इंजिन. हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्सूर या अर्जेंटिनातल्या जोडीने ते घडवले आणि २०१४ मध्ये त्याचा सोर्स कोड एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुला केला. १ मार्च २०२३ ला आलेल्या ४.० आवृत्तीत ओपनजीएलला मागे सारून व्हल्कन हा मुख्य ग्राफिक्स एपीआय झाला. सानगडीसारख्या गावात बसून, हाताशी असलेल्या जुन्या लॅपटॉपवर ज्यांना या इंजिनात काम करायचे आहे त्यांच्यासाठी ही यादी.

काय करावे

• आधी मशीन बघा, मग रेंडरर निवडा. गोदो ४ मध्ये तीन पर्याय आहेत. फॉरवर्ड प्लस आणि मोबाइल यांना व्हल्कनसारखा नवा एपीआय लागतो, कम्पॅटिबिलिटी ओपनजीएलवर चालतो. विंडोजवर इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्सला व्हल्कन मिळते ते प्रोसेसरच्या सहाव्या पिढीपासून. चौथ्या पिढीचा लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर शोधण्यात रात्र घालवू नका, सरळ कम्पॅटिबिलिटी घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

• दृश्याला नेमके काय लागते ते लिहून काढा. समजा, गेममध्ये सानगडीचा किल्ला आणि तिथले तळे उभे करायचे आहे. पाण्यातले स्क्रीन-स्पेस प्रतिबिंब आणि उन्हाची तिरीप पकडणारे दाट धुके फक्त फॉरवर्ड प्लसमध्ये मिळते. पण अंतरागणिक फिकट होत जाणारे साधे धुके तिन्हींत आहे, आणि प्रतिबिंब दुसरा कॅमेरा लावूनही दाखवता येते. माझे मत विचाराल तर पहिला गेम साध्या धुक्यावरच करावा.

• गेम कधीच न चाललेल्या मशीनवर तो चालवून बघा. व्हल्कनमध्ये शेडर आणि रेंडरची स्थिती मिळून पाइपलाइन आधी तयार करावी लागते. ती ऐनवेळी तयार होऊ लागली की पहिला स्फोट, पहिला शत्रू दिसताच गेम अडखळतो. तुमच्या मशीनवर सगळे कॅशमध्ये बसलेले असते, म्हणून तुम्हाला हे दिसतच नाही. ४.४ मध्ये आलेल्या उबरशेडरने हा त्रास बराच कमी केला.

• इंजिनच्या कोडला हात लावत असाल तर व्हल्कनच्या वापरातल्या चुका दाखवणारा व्हॅलिडेशन लेयर चालू ठेवा. मेमरी कुठे द्यायची, कोणते काम कशानंतर, हे ओपनजीएलमध्ये ड्रायव्हर सांभाळत असे. व्हल्कनने ती जबाबदारी इंजिनावर टाकली. चूक झाली तरी एका कार्डावर चित्र नीट दिसते आणि दुसऱ्यावर पडदा काळा होतो.

• बग कळवताना कार्डाचे मॉडेल, ड्रायव्हरची आवृत्ती आणि बिघाड दाखवणारा लहानात लहान प्रोजेक्ट द्या. जुने मशीन तुमच्याकडे आहे, मुख्य डेव्हलपरकडे ते असेलच असे नाही. इथे तुमची खरी गरज आहे.

काय टाळावे

• जुना रस्ता घाईने बंद करणे. गोदो ३.० ने जानेवारी २०१८ मध्ये जुना ओपनजीएल ईएस २ रेंडरर काढून ईएस ३ वर सगळी भिस्त ठेवली. कमकुवत फोन आणि बिघडलेल्या ड्रायव्हरांनी असे छळले की मार्च २०१९ च्या ३.१ मध्ये ईएस २ परत आणावा लागला. ४.० मध्येही कम्पॅटिबिलिटीची थ्रीडी बाजू लंगडी होती, ती पुढच्या आवृत्त्यांत सावरली. एपीआय बदलाचा प्रस्ताव मांडणाऱ्याने हा इतिहास आधी वाचावा.

• अर्धा झालेला गेम ३ वरून ४ वर ओढणे. करायचेच असेल तर प्रोजेक्टची प्रत काढून तिच्यावर करा. ३.६ सप्टेंबर २०२४ मध्ये आली, म्हणजे जुनी शाखा काही वाऱ्यावर सोडलेली नाही.

• व्हल्कन आले म्हणजे वेग आला, असे मानणे. टूडी कोडे किंवा पत्त्यांच्या खेळाला फरक जाणवणारही नाही.

• ब्राउझरसाठी फॉरवर्ड प्लस धरून बसणे. गोदोचा वेब एक्स्पोर्ट वेबजीएल २ वर, म्हणजे कम्पॅटिबिलिटीवरच चालतो.

• लिनक्सवर लावापाइपने वेग मोजणे. ते व्हल्कनचे काम प्रोसेसरकडून करून घेते. चित्र बरोबर येते का, एवढेच त्यावर तपासा.

• मॅक विसरणे. ॲपलने २०१८ मध्येच ओपनजीएलला निवृत्तीच्या यादीत टाकले आणि व्हल्कन स्वतःहून कधी दिलेच नाही. तिथे मोल्टनव्हीके व्हल्कनचे आदेश ॲपलच्या मेटल या एपीआयमध्ये बदलून देते. ४.४ पासून ॲपलच्या स्वतःच्या चिपवर थेट मेटलही चालते.