मग तो ग्रुप कसला?

प्रश्न : आम्ही सोलापुरातले सोळा जण. रविवारी पहाटे कधी हिप्परगा तलावाकडे, कधी होटगीच्या बाजूला, तर कधी माळावरच्या गाडीवाटांनी सायकली काढतो. पुढच्या वर्षी मॉरिशसला जाऊन तिथल्या डोंगरवाटांवर सायकल चालवायचं मनात आहे. बेटांवरच्या अशा राइडचे व्हिडिओ पाहिले, तर सगळे एकमेकांपासून लांब लांब, एकामागे एक. गप्पा नाहीत की काही नाही. मग तो ग्रुप कसला? आणि सपाटीवर सराव असलेल्या आम्हाला हे जमेल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधी लांब राहण्याचं बघू. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. पुढचा पडला हे डोळ्यांना दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही सात मीटर पुढे आलेले असता. विजापूर रोडवर तुम्ही चाकाला चाक लावून जाता, कारण पुढच्याच्या आडोशाला वारा कमी लागतो आणि रस्ता लांबवर दिसतो. जंगलवाटेवर वेग कमी, त्यामुळे आडोशाचा फायदा नाही. समोरच्याची पाठ डोळ्यांपुढे असली की वाटेवरचं मूळ, दगड, घळ काहीच दिसत नाही. म्हणून अंतर ठेवतात. उतार ओला असेल तर ते आणखी वाढवतात.

‘मग ग्रुप कसला’ याचं उत्तर फाट्यावर मिळतं. जिथे जिथे वाट फुटते तिथे पुढाऱ्याच्या मागचा पहिला गडी थांबतो आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला दिशा दाखवतो. सगळ्यात शेवटी चालणारा ठरलेला माणूस पोचला की मगच तो जागा सोडतो आणि त्या शेवटच्याच्या पुढे ओळीत शिरतो. पुढच्या फाट्यावर हे काम आपोआप दुसऱ्याकडे जातं. पुढारी आणि शेवटचा हे दोघे मात्र दिवसभर बदलत नाहीत. आषाढीला दिंड्या पाहिलेल्या माणसाला हे समजवायला नको. दिंडी आपला क्रम सोडत नाही आणि पुढच्या दिंडीला ओलांडत नाही, म्हणून तर एवढा समाज पंढरपूरला नीट पोचतो. शेवटचा गडी हा गटातला सगळ्यात अनुभवी माणूस असावा, दमलेला नव्हे. आपल्याकडे नेमकं उलट होतं. जो मागे पडेल तोच शेवटचा, आणि पंक्चर काढायचं सामान सगळ्यात पुढे पळणाऱ्याच्या पिशवीत.

आणखी दोन रीती पाठ करा. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची, कारण चढावर एकदा थांबलं की पुन्हा सुटणं अवघड. १९८८ साली कॅलिफोर्नियात माउंटन बाइकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिच्या वाटेवरच्या नियमांतही हे आहे. दुसरं, थांबायचं तर वाट सोडून, वळणाच्या अलीकडे, मागच्याला दिसेल असं. फोटो काढायला वळणाच्या पलीकडे उभा राहणारा प्रत्येक गटात एक असतो. तुमच्याही असेल.

गट कसा नसावा याचंही उदाहरण बेटावरचंच आहे. हवाईमधल्या माउई बेटावर हालेआकाला नावाचा ३,०५५ मीटर उंचीचा ज्वालामुखी आहे. तिथल्या कंपन्या पर्यटकांना गाडीने माथ्यावर नेत, सूर्योदय दाखवत आणि भाड्याच्या सायकलींवर बसवून ओळीने डांबरी रस्त्याने खाली सोडत. पेडल मारायची जवळपास गरज नाही, म्हणून ज्यांनी वर्षानुवर्षं सायकलला हात लावला नव्हता तेही बसत. अपघात झाले, माणसं गेली. शेवटी २००७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाने आपल्या हद्दीतल्या व्यावसायिक सायकल-सहली थांबवल्या. आता त्या हद्दीबाहेरून, बऱ्याच खालून सुरू होतात. माझ्या मते तिथे दोष उताराइतकाच ओळीचा होता. एकमेकांना न ओळखणारी, वेगवेगळ्या कुवतीची माणसं एकाच वेगाला बांधली होती.

व्हिडिओंबद्दल एक सावधगिरी. रियुनियन बेटावर मायदो या सुमारे २,२०० मीटर उंच कड्यावरून थेट समुद्रकाठच्या सें-पॉलपर्यंत उतरणारी मेगाव्हॅलांश ही शर्यत भरत आलेली आहे. तिच्यात सगळे स्वार एकदमच सुटतात आणि खांद्याला खांदा घासत जातात. ते पाहून ‘बेटावर असंच चालवतात’ असं कोणी ठरवू नये.

आता जमेल का ते. इथे सोलापूरकराला एक गंमत सांगायलाच हवी. तुमच्या पायाखालचा काळा खडक आणि मॉरिशस, रियुनियनचा खडक एकाच कुळातले. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणावरून लाव्हा वर येऊन दख्खनचं पठार झालं, ते ठिकाण जवळपास आपल्या जागी राहिलं आणि वरचा भूखंड उत्तरेला सरकत गेला. त्या सरकण्याच्या वाटेवर लक्षद्वीप आणि मालदीवखालची डोंगररांग तयार झाली. नंतर, सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस वर आलं आणि शेवटी रियुनियन. तिथला पितों द ला फुर्नेझ आजही लाव्हा ओकतो. अक्षांशही फार वेगळे नाहीत. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेसतरा अंशांवर, तर मॉरिशस दक्षिणेला वीसवर.

मग फरक कशाने पडतो? पाण्याने. सोलापुरात वर्षाला पाच-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. रियुनियनच्या कोमेर्सों विवराजवळ फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद चक्रीवादळात तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर पडला. तीन दिवसांच्या पावसाचा तो जागतिक उच्चांक आहे, आणि आपल्याला तेवढा पडायला सहा ते आठ वर्षं लागतात. तोच बेसॉल्ट आपल्या कोरड्या हवेत झिजून काळी माती होतो. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात भेगाळते. पावसानंतर ती चाकाला अशी लिंपते की चाक फिरायचंच थांबतं, हे तुम्हाला सांगायला नको. भरपूर पावसात मात्र खडकातलं बरंचसं विरघळून वाहून जातं, लोह मागे राहतं आणि माती लाल होते. ही लाल माती काळीसारखी चाक अडवत नाही. ती सरळ घसरते. त्यात झाडांची मुळं उघडी पडलेली, वर शेवाळ. मुळावरून जाताना ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल वळवायचं नाही, एवढं जरी अंगी बाणलं तरी निम्मी लढाई जिंकली.

म्हणून टायरची हवा बदला. माळावर वेड्या बाभळीच्या काट्यांना भिऊन आपण हवा टणक ठेवतो. ओल्या मुळांवर असं टायर उडतं. ट्यूबलेस टायर, त्यात भोक बुजवणारं द्रव आणि अंगाच्या वजनाप्रमाणे २५ पीएसआयच्या आसपास हवा, म्हणजे टायर जमिनीला धरून राहतं. ट्यूबलेस काट्यांनाही पुरून उरतं, तेव्हा इथेच आतापासून बसवून घ्या.

तुमचा मोठा भ्रम उन्हाचा असणार. ‘आम्ही ४२ डिग्रीत चालवतो, ३० डिग्रीचं काय घेऊन बसलात!’ सोलापूरच्या कोरड्या उन्हात घाम आला की लगेच वाळतो आणि अंग थंड करतो. दमट जंगलात तो नुसता ओघळतो, उडत नाही, त्यामुळे ३० डिग्रीतही अंग आतून तापत जातं. अशा हवेला शरीर सरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढी सुट्टी कोणाला मिळणार? तेव्हा पहिले दोन दिवस निम्मंच अंतर ठेवा आणि पाण्याबरोबर मीठही घ्या.

चढाचं फार भय नको. मॉरिशसचं सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरच आहे. पण ते जवळपास समुद्रसपाटीपासून मोजायचं, आणि वाटा तुळजापूरच्या घाटासारख्या डांबरी नव्हेत. या छोट्या बेटाला कमी लेखू नका. तिथली किंबर्ली ल कूर २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली केप एपिक ही माउंटन बाइकची अवघड शर्यत जोडीने जिंकली आणि २०२५ मध्ये लिएज-बास्तोन-लिएज ही रस्त्यावरचीही.

वाटांचं म्हणाल तर बऱ्याच चांगल्या वाटा उसाच्या मळ्यांतून आणि खासगी इस्टेटींतून जातात. परवानगीशिवाय शिरू नका. या इस्टेटींत हरणांची शिकारही चालते. डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून आणलेल्या हरणांची ती पैदास. शिकारीच्या दिवसांत नको त्या वाटेला जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगत नाही. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात सायकल कुठे चालते, हे आधी तिथल्या खात्याला विचारा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात आपण वनखात्याला विचारल्याशिवाय जात नाही, तसंच. (जात नाही ना?) उसाचं मात्र तुम्हाला घरच्यासारखं वाटेल. तोड तिकडे साधारण जून ते डिसेंबर चालते, म्हणजे आपले कारखाने बंद असतात तेव्हा त्यांचे पेटलेले. उभ्या उसात वळणापलीकडचं दिसत नाही आणि तोडीच्या दिवसांत समोरून भरलेला ट्रक येऊ शकतो. तो ऊस लावायला १८३४ पासून हिंदुस्थानातून मजूर नेले गेले, त्यांत कोकणातली आणि साताऱ्याकडची मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांची वस्ती पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागात, कास्काव्हेलसारख्या गावांत आहे. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तेव्हा वाट चुकलात तर मराठीत हाक मारून बघायला हरकत नाही.

जायचं ते मे ते ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा हंगाम. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. रियुनियनला मात्र फ्रेंच रीतीने उजव्या.

एक आजार गांभीर्याने घ्या, लेप्टो. २००० साली बोर्निओ बेटावर, सबाहमध्ये, इको-चॅलेंज ही साहसी शर्यत झाली. तिच्यात जंगल, नदी आणि माउंटन बाइक असं सगळं होतं. नंतर ज्या १८९ स्पर्धकांशी डॉक्टरांचा संपर्क झाला, त्यांतल्या ८० जणांना लेप्टोची लक्षणं दिसली होती. मुख्य कारण नदीचं पाणी. खरचटलेल्या अंगाने डबक्यात उतरू नका, जखम लगेच स्वच्छ पाण्याने धुवा, आणि परतल्यावर ताप आला तर डॉक्टरांना बेटावर गेल्याचं आधी सांगा.

सराव कुठे करायचा? बेटाची चव हवी तर गोव्यातलं दिवाडी आहे. जुन्या गोव्याहून फेरीबोटीत सायकल चढवली की पलीकडे खारफुटी, खाजन शेतं आणि पियेदादची टेकडी. वाट बरीचशी डांबरी, तरी दमटपणाची ओळख होते. मुळं आणि लाल माती शिकायची तर ऑक्टोबरात कोकणात उतरा. पाऊस सरलेला असतो, पण वाटा पुऱ्या वाळलेल्या नसतात. भर पावसात मात्र कच्च्या वाटेवर जाऊ नका. चाकोरी पडते, तिच्यातून पाणी वाहतं आणि पुढच्या वर्षी तिथे वाट नसते, ओहोळ असतो.

निघण्यापूर्वी टायर घासून धुवा, गाजरगवताचं बी दुसऱ्याच्या बेटावर नेऊ नका. आणि सोळा जण एका ओळीत नकोत. आठ-आठांचे दोन गट करा, कुवतीप्रमाणे, प्रत्येकाला आपला पुढारी आणि आपला शेवटचा. कोण संथ गटात जाणार यावरून भांडण होईल, ते सोलापुरातच मिटवून मग तिकिटं काढा.