तेल विकायला तिलाच जावं लागलं

मागच्या व्हिडिओत उधारीवर बोललो तेव्हा एक गोष्ट अर्धवट राहिली, ती इथे पूर्ण करतो. गोष्ट पवित्र शास्त्रातली आहे. पण तुमचा धर्म वेगळा असला तरी वाचा, विषय दुकानाचाच आहे.

२ राजे, अध्याय ४. एका संदेष्ट्याच्या शिष्याची बायको विधवा झालीय. नवरा कर्ज ठेवून गेला आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला निघालाय. ती अलीशाकडे धावत येते. अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? ती म्हणते, काहीच नाही, फक्त थोडंसं तेल. मग तो तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला सांगतो. दार लावून ती ओतत राहते, मुलं भांडी पुढे करतात. भांडी संपली तेव्हाच तेल थांबलं.

आपण प्रवचनात बहुतेक इथेच 'आमेन' म्हणतो. पण गोष्ट अजून संपलेली नाही. घरात तेल आहे, पैसे नाहीत. अलीशा तिला सांगतो, जा, तेल विक, कर्ज फेड आणि उरलेल्यावर तू आणि मुलं जगा. देवाने तिला रोकड दिली नाही, माल दिला. गिऱ्हाईक शोधणं, माप करणं, भाव सांगणं तिच्याकडेच राहिलं. मान्नाचंही तसंच होतं. देव देत होता, पण रोज सकाळी तंबूबाहेर जाऊन गोळा करावं लागायचं.

माझं सांगतो. दुकानाचं तिसरं वर्ष, स्टेशनरी आणि दप्तरं. शाळेचा सीझन संपला आणि होलसेलवाल्याचे ३८ हजार थकले. मी त्याचे फोन उचलणं बंद केलं. पहाटेची प्रार्थना मात्र चालू होती: प्रभू, कुठून तरी पैसे पाठव. रविवारी दशांशाचं पाकीटही टाकत होतो, म्हणजे खरं बघितलं तर त्या होलसेलवाल्याच्याच पैशातून.

एका रात्री बायको म्हणाली, "अहो, माळ्यावर काय पडलंय ते तरी बघितलं का?" शिडी लावली. ६४ दप्तरं, कंपासपेट्या, पाण्याच्या बाटल्या. खरेदीभावाने ४१ हजारांचा माल! बीबीएला इन्व्हेंटरीवर पेपर लिहिलेला माणूस मी, आणि माझाच माळा मला माहीत नव्हता.

आठवडी बाजारात खरेदीभावाने विकायला बसलो. चार बाजार लागले. लाज वाटली, ओळखीचे लोक बघत होते. पहिल्या बाजाराचे पैसे घेऊन मी स्वतः होलसेलवाल्याकडे गेलो. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "दोन हमालांचा पगार अडकलाय हो माझा." ते वाक्य अजून टोचतं. देव त्या हमालांना जो पुरवठा करत होता, तो माझ्या गल्ल्यात अडकून पडला होता.

म्हणून अलीशाने सांगितलेला क्रम बघा: आधी देणं, मग घरखर्च. आपण उलटं करतो. गल्ल्यातून आधी किराणा, मुलाची फी, गाडीचा हप्ता, आणि उरलं तर सप्लायर.

आणखी एक. "जास्त भांडी आणा म्हणजे मोठं लोन काढा, देव भरेल," असं काही जण शिकवतात. मला ते पटत नाही. तिने आणलेली भांडी रिकामी होती, शेजाऱ्यांची होती, तेल काढून घेतलं की परत देता येण्यासारखी होती. त्यावर व्याज चढत नव्हतं. आणि ती बाई तर कर्जातून बाहेर पडायला धडपडत होती!

या आठवड्याचा गृहपाठ. आज शटर ओढल्यावर वहीचं एक पान घ्या. तीन महिने न हललेला माल खरेदीभावासकट लिहा. समोर कोणाचे किती देणे आहेत ते लिहा, सर्वात जुनं सर्वात वर. त्या पहिल्या माणसाला उद्या दुपारच्या आत तुम्हीच फोन करा, त्याचा यायची वाट बघू नका. पैसे नसले तरी करा, आणि कधी व किती देणार ते सांगा. पडून असलेला माल तोट्यात न जाता कसा काढायचा, ते पुढच्या व्हिडिओत माझ्या त्या ६४ दप्तरांच्या हिशोबासकट दाखवतो.