तोड आज, दरड चार वर्षांनी

30 जुलै 2014 च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. दोष पावसाला दिला गेला. पाऊस भयंकर होता हे खरंच; पण सह्याद्रीवर तसा पाऊस पुन्हापुन्हा पडतो, आणि सगळे डोंगर काही खाली येत नाहीत. म्हणून त्या उतारावर आधीच्या काही वर्षांत काय काय झालं, हे मला पावसाच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे खाली काळा कातळ आणि वर मुरूम-मातीचा थर असतो. दोन्हींच्या सांध्यात पाणी साचलं की वरचा थर जड होतो, त्याची पकड सुटते. झाडाझुडपांची, कारवीची मुळं हा थर धरून ठेवतात. पाचोळा थेंबांचा मारा झेलतो. झाड तोडलं तरी लगेच काहीच बिघडत नाही, आणि खरा धोका इथेच आहे. मुळं काही वर्षं जमिनीत टिकतात, मग कुजतात. नवी लावलेली रोपं तोवर तेवढी खोल गेलेली नसतात. या मधल्या काळात उतार सर्वांत दुबळा असतो, आणि तोड मात्र सगळे विसरलेले असतात. लाकूड हवंच असेल तर निदान खोडका उपटू नका. फुटवा आला तर मूळ जगतं.

‘इर्शाळवाडीभोवती तर रान होतं,’ असं कुणी म्हणेल. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या वाडीवर जी दरड कोसळली, तिचा दोष मी तोडीवर टाकणार नाही. मुळांची पकड साधारण मीटर-दोन मीटरपर्यंतच. त्याखालून सुटणारी दरड जंगलही अडवू शकत नाही. अशा कड्याखालची वस्ती हलवणं हाच उपाय. पण उथळ घसरणी आणि दरवर्षी वाहून जाणारी माती हिरवाई नक्की रोखते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे: डोंगरातल्या माणसाने पिकवायचं कुठे? नाचणी-वरी तिथे पिढ्यान्‌पिढ्या पिकते आहे. हाताने रचलेली दगडी ताल पाण्याला वाट देते. जेसीबी मात्र एका दिवसात उताराचा पायथा कापतो आणि सुटी माती खालच्या अंगाला लोटतो. माळीणनंतर यंत्राने केलेल्या सपाटीकरणावर बोट ठेवलं गेलं. तेच एकमेव कारण होतं असं मी मानत नाही, पण धोक्याचा प्रकार तोच आहे. पायथा कापावाच लागला तर आधी पाणी बाहेर काढणारी भोकं ठेवून भिंत बांधा. तीव्र उतारावर जाड मातीत सलग समतल चर खोदू नका. मुरलेलं पाणी तिथे घात करतं. वरच्या अंगाला भेगा पडल्या, खांब कलले किंवा झऱ्याला एकाएकी गढूळ पाणी आलं, तर पाऊस उघडायची वाट न पाहता घर सोडा.