मिठागर, अरिष्टाचा घट आणि पेशींचे दोन वर्ग

आपल्या भाईंदरच्या खाडीकाठाशी मिठागरांचे नाते जुने आहे. मिठागरातील पाणी आटून दाट झाले की त्यावर अनेकदा तांबूस छटा येते. जून २०२० मध्ये लोणार सरोवर गुलाबी झाले, तेव्हा प्रथम डुनालिएला या शैवालाचा संशय घेतला गेला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत मात्र लवणप्रिय आर्किया आढळले. यांपैकी शैवाल दृश्यकेंद्रकी, तर आर्किया आदिकेंद्रकी होत.

आदिकेंद्रकी पेशीत गुणसूत्राभोवती पटल नसते, तंतुकणिकाही नसतात. जीवाणू याच वर्गातले. किण्व, बुरशी, वनस्पती आणि मानव यांच्या पेशी दृश्यकेंद्रकी. जीवाणूंचे रायबोसोम ७०एस, आपल्या पेशीद्रवातील ८०एस. अनेक प्रतिजैविके नेमका हाच भेद हेरतात; म्हणूनच गजकर्णावर जीवाणूनाशक निरुपयोगी ठरते. चरकोक्त शारीर परमाणू म्हणजेच पेशी, असे काही जण सांगतात. ही ओढाताण आहे. तिची आपल्या शास्त्रास गरज नाही.

औषधनिर्मात्यांस हा भेद संधानकर्मात विशेष उपयोगी पडतो. धातकीपुष्पांबरोबर येणारे किण्व शर्करेचे मद्य करते व कर्बवायू सोडते. घटाच्या मुखाशी नेलेली ज्योत विझते ती त्यामुळे. मद्य तयार झाल्यावर हवा मिळाली, तर ॲसिटोबॅक्टर हे जीवाणू त्याचे शुक्त बनवतात. त्यांना प्राणवायू अनिवार्य असतो, तर किण्वाचे मद्यनिर्मितीचे कार्य त्यावाचूनही चालते. प्राचीनांनी सांगितलेल्या संधिबंधनाचे मर्म हेच. एका वैद्यमित्रांचे द्राक्षारिष्ट आंबट होऊ लागले, तेव्हा संधान मंद आहे असे समजून त्यांनी धातकी वाढवली आणि रोज झाकण काढून पाहू लागले. किण्वाने आपले काम केव्हाच पूर्ण केले होते. दोष आत शिरणाऱ्या हवेचा होता. संपूर्ण घट ओतून द्यावा लागला.

चूर्णांच्या चाचणी-अहवालातही हे दोन वर्ग स्वतंत्र ओळींत येतात. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार एकूण सूक्ष्मजीवगणना प्रतिग्रॅम १ लाखापर्यंत, तर किण्व व बुरशी १ हजारापर्यंत ग्राह्य आहे, ई. कोलाय व साल्मोनेला मुळीच नसावेत. ई. कोलाय आढळल्यास पाणी व कामगारांचे हात तपासावेत. बुरशी वाढल्यास कोठारातील ओल शोधावी. असा माल केवळ भाजून वापरू नये. बुरशी मरते, परंतु तिने निर्माण केलेले अफ्लाटॉक्सिन भाजल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही.