यशातील प्रशिक्षकाचा वाटा

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• प्रशिक्षक खेळाडूला नेमके काय देतो, हे सांगू शकाल;
• एकाच गुरूच्या शिष्यांचे यश वेगवेगळे का असते, याची कारणे देऊ शकाल;
• स्वतःच्या अभ्यासातील मार्गदर्शकाच्या स्थानाविषयी विचार मांडू शकाल.

प्रस्तावना

२०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय महिला संघाने तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात रौप्यपदक मिळवले. तिघींच्या त्या संघात जबलपूरच्या मुस्कान किरार होत्या. जबलपूर येथील राज्य तिरंदाजी अकादमीत त्यांची जडणघडण झाली. पदक खेळाडूच्या गळ्यात पडते; प्रशिक्षक मागे उभा असतो. मग त्या पदकात त्याचा वाटा किती? तिरंदाजी असो वा बास्केटबॉल, प्रत्येक खेळात हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ : मुंबईच्या शिवाजी पार्क मैदानावरील क्रिकेट-प्रशिक्षक रमाकांत आचरेकर (१९३२–२०१९).

प्रशिक्षक काय देतो?

१९८४ साली अकरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरला त्याचा थोरला भाऊ अजित आचरेकरांकडे घेऊन गेला. सरांसमोर सचिन बुजला आणि नीट खेळू शकला नाही. अजितच्या विनंतीवरून सरांनी त्याचा खेळ दुरून पुन्हा पाहिला आणि मुलाची योग्यता ओळखली. गुण पारखणारी नजर ही प्रशिक्षकाची पहिली देणगी होय.

दुसरी देणगी सरावाची. सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करील त्या गोलंदाजाला ते नाणे मिळे. सचिन नाबाद राहिला, तर नाणे त्याचे. अशी तेरा नाणी त्याने मिळवली. थकल्यावरही लक्ष ढळू द्यायचे नाही, ही शिकवण त्यातून त्याच्या अंगी बाणली.

तिसरी देणगी संधीची. अधिक सामने खेळता यावेत म्हणून सरांनी सचिनला दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात प्रवेश घेण्यास सुचवले. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्येही असेच घडते. तेथील व्यावसायिक संघ मुख्यतः महाविद्यालयांच्या संघांतून खेळाडू निवडत आले आहेत. त्यामुळे महाविद्यालयाचा प्रशिक्षक कोणाला किती वेळ मैदानात उतरवतो, यावर खेळाडूचे पुढील आयुष्य बरेचसे अवलंबून असते. मायकेल जॉर्डन हे १९८४ मध्ये व्यावसायिक खेळाडू झाले, त्यापूर्वी तीन वर्षे ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डीन स्मिथ यांच्या हाताखाली खेळले होते.

एक गुरू, तीन शिष्य

मात्र सारे श्रेय प्रशिक्षकालाच द्यावे काय? फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्ड स्पर्धेत सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. विनोद नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. पुढच्या क्रमांकाचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसूनच राहिला. तिघेही सरांचेच शिष्य.

सचिन २०० कसोटी सामने खेळले. कांबळींची कसोटीतील सरासरी ५४ हून अधिक. तरीही १७ कसोटींनंतर, १९९५ मध्ये, त्यांची कसोटी कारकीर्द संपली. मुझुमदारांनी पहिल्याच रणजी सामन्यात २६० धावा केल्या, प्रथम श्रेणीच्या सामन्यांत ११ हजारांहून अधिक धावा जमवल्या. परंतु त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. शिक्षण एकच, फळे मात्र तीन प्रकारची. संघातील मोजक्या जागा, निवड समितीचे निर्णय, दुखापती, खेळाडूचा स्वभाव आणि घरचा आधार या गोष्टी प्रशिक्षकाच्या हाती नसतात. म्हणून शिष्याच्या कीर्तीवरून गुरूचे मोजमाप करणे न्याय्य नव्हे.

मग मोजमाप कशाने करावे? शिकलेले किती टिकले, याने. मुझुमदार २०२३ मध्ये भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या संघाने नवी मुंबईत एकदिवसीय सामन्यांचा विश्वचषक जिंकला. देशासाठी खेळण्याची संधी न मिळालेल्या शिष्याकडेही गुरूची विद्या शाबूत होती.

मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला संपर्कवर्गात शिक्षक मोजकेच तास भेटतात. ते चूक दाखवतील, वाट सांगतील; दिवसभराच्या कामानंतर रात्री पुस्तक उघडणे मात्र तुमच्याच हाती आहे. यष्टीवर नाणे सर ठेवत. ते जिंकण्यासाठी खेळपट्टीवर सचिनलाच उभे राहावे लागे.

शब्दार्थ

जडणघडण – घडण्याची प्रक्रिया; बुजणे – संकोचणे; अंगी बाणणे – स्वभावात मुरणे; शाबूत – सुरक्षित, न हरवलेली.

पाठगत प्रश्न

१. आचरेकरांनी सचिनला शाळा बदलण्यास का सुचवले?
२. प्रशिक्षकाच्या हाती नसलेल्या कोणत्याही तीन गोष्टी लिहा.
३. ‘शिष्याच्या कीर्तीवरून गुरूचे मोजमाप करणे न्याय्य नव्हे.’ तुम्हाला हे मत पटते का? तुम्हाला एखादे काम शिकवणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण देऊन आठ-दहा ओळींत लिहा.