हातचा कुठे पडतो ते बघ

चि. ईरास,


नऊ एक्क्यांचा वर्ग तू स्प्रेडशीटमध्ये काढलास आणि आलेलं १२३४५६७८९८७६५४३०० हे उत्तर जसंच्या तसं वहीत उतरवलंस. अगं, ज्या संख्येच्या शेवटी १ आहे तिच्या वर्गाच्या शेवटी शून्य येईलच कसं? ते यंत्र पंधराच अंक धरतं आणि उरलेल्या घरांत शून्यं भरतं. खरं उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. एवढी शंका तुला यायलाच हवी होती.

आता चौकटीच्या वहीत तोच गुणाकार मांड. १११११११११ नऊ वेळा, दर ओळ एक घर डावीकडे सरकवून. उभ्या बेरजा घेत गेलीस की एक, दोन, तीन करत मधल्या रांगेत नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. कुठेच हातचा येत नाही, म्हणून उत्तर इतकं देखणं दिसतं. मग दहा एक्के घेऊन बघ. मधल्या रांगेत दहा होतात: शून्य खाली, हातचा एक. शेजारच्या नवाचे त्यामुळे दहा, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात आणि गडबड थांबते. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढत्या बाजूचा आठ गायब!

देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांच्या नादी लागले होते. या घराण्याला त्यांनी ‘डेम्लो’ हे एका रेल्वे स्टेशनाचं नाव दिलं. लोकांना त्यांचा ६१७४ हा स्थिरांक माहीत असतो. मला डेम्लो जास्त आवडतात, कारण यातली गंमत पाचवीतल्या गणिताने उलगडते.

तुझ्या संख्येचे अवयवही पाड. अंकांची बेरीज ८१, तेव्हा नवाचा भाग जाणारच. ती वर्ग असल्याने नऊ एक्क्यांचेच अवयव काढले तरी पुरे; त्यांना नवाने भागलं की १२३४५६७९, आणि ते म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७. दोन्ही मूळ संख्या. दुसरीबद्दल माझ्या शब्दावर विसंबू नकोस. ५७७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघ, शंभराहून थोड्या जास्त आहेत. कंटाळवाणं काम आहे खरं, पण आयुष्यात एकदा तरी हाताने करावं.

आणि हो, १२३४५६७९ मध्येही आठ नाही. नवाने भागताना तो कुठल्या पायरीला निसटला ते बाक्या मांडून शोध, आणि वहीचं ते पान मला पाठव. नुसतं उत्तर नको.

तुझी,
आत्या