वैनगंगेकाठची पवनी



सावलीच्या पूर्वेस वाहणारी वैनगंगा वरच्या अंगाला भंडारा जिल्ह्यातील पवनी नगरीवरून येते. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन झाले व दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे कोरलेली आहेत. तथागतांवर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे शिल्पही सापडले. म्हणजे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी पूज्य बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली, तेव्हा धम्म आपल्या जुन्या घरी परतला. 'कालचे बौद्ध' म्हणून कोणी हिणवले, तर रागावू नका. मुलाबाळांना घेऊन पवनीस जा, टेकडी दाखवा, हा इतिहास सांगा. तेथील एक वीटही हलवू देऊ नका; तीच आपली साक्ष आहे.